कॅचवेट, काटाजोड आणि ५७ किलो

विंडोज की लिनक्स, पुलं की जीए, तसाच बॉक्सिंगच्या चाहत्यांमध्येही एक कधीच न मिटणारा वाद आहे. कॅचवेट लढतीत एका बॉक्सरला अन्यायकारक फायदा मिळतो का?

ज्यांना कॅचवेट म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉक्सिंगमध्ये वजनी गट ठरलेले असतात. वेल्टरवेट म्हणजे १४७ पौंडांपर्यंत, लाइट मिडलवेट १५४ पौंडांपर्यंत वगैरे. पण दोन्ही बाजूंनी ठरवलं तर या गटांच्या मधलंच एखादं वजन पकडून लढत घेता येते. करारात लिहायचं, की अमुक पौंडांच्या वर कोणी यायचं नाही. झालं कॅचवेट. गंमत म्हणजे हा शब्द आला घोड्यांच्या शर्यतींतून, आणि त्याचा मूळ अर्थ अगदी उलटा होता. वजनाची अटच नाही, जो जसा असेल तसा उतरेल, असा. आता मात्र त्याचा अर्थ 'घासाघीस करून ठरवलेलं वजन' असा झालाय.

मला बॉक्सिंगचं वेड वगैरे काही नाही. पण मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. सातारा-सांगलीकडच्या माणसाला हा वाद ऐकला की ओळखीचा वाटतो, कारण आमच्याकडे दोन माणसांची झुंज लावताना वजनाचं काय करायचं, हा प्रश्न जत्रेतल्या लाल मातीवर पिढ्यान् पिढ्या सोडवला गेलाय. त्यामुळे शनिवार सकाळचा चहा घेऊन बसलोय, तर म्हटलं याचा जरा नीट विचार करू.

आधी बॉक्सिंगमधली दोन-तीन उदाहरणं बघू.

१९८८ साली शुगर रे लेनर्डची डॉनी लालोंडशी लढत झाली. लालोंड लाइट हेवीवेटचा, म्हणजे १७५ पौंडांच्या गटाचा डब्ल्यूबीसी विजेता. लेनर्ड मुळात वेल्टरवेटचा, पण नाव प्रचंड मोठं. त्याच्या बाजूने अट आली, की लढत १६८ पौंडांवर होईल. म्हणजे लालोंडने स्वतःचा किताब पणाला लावायचा, पण स्वतःच्या वजनापेक्षा ७ पौंड खाली येऊन. आणि १६८ पौंडांचा एक नवा किताबही त्याच लढतीत. लालोंडने चौथ्या फेरीत लेनर्डला एकदा खाली पाडलं, पण नवव्या फेरीत लेनर्डने लढत संपवली. एका रात्रीत दोन किताब!

२००९ मध्ये मॅनी पॅकियाओ आणि मिगेल कोटो. कोटो वेल्टरवेट विजेता, मर्यादा १४७. लढत ठरली १४५ वर. पॅकियाओ बाराव्या फेरीत जिंकला. पुढच्या वर्षी पॅकियाओ आणि अँटोनिओ मार्गारिटो. किताब १५४ पौंडांच्या गटाचा, करार १५० चा. पण बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी करतात. प्रत्यक्ष लढतीच्या रात्री मार्गारिटो १६५ पौंडांचा होता आणि पॅकियाओ १४८ चा. तब्बल १७ पौंडांचा फरक! तरीही पॅकियाओने त्याला बाराही फेऱ्या फोडून काढला.

हे वाचून तुम्ही म्हणाल, की मग कॅचवेटचा नक्की फायदा कुणाला? पॅकियाओ तर लहान माणूस होता. त्याचा पहिला जागतिक किताब ११२ पौंडांच्या गटातला. लहान माणसाने मोठ्याला थोडं खाली यायला सांगितलं तर त्यात अन्याय कसला?

प्रश्न बरोबर आहे. उत्तरासाठी आता गावाकडे जाऊ.

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा घ्या, कुंडलचं मैदान घ्या, नाहीतर खानापूर-पलूस-कराड पट्ट्यातल्या कुठल्याही लहानशा गावाची जत्रा. मैदानाची सुरुवात पोराटोरांच्या कुस्त्यांनी होते. पूर्वी रेवड्यांवर, नारळावर, आता शे-दोनशे रुपयांवर. मग हळूहळू आकडा चढत जातो आणि शेवटी पहिल्या नंबरची इनामी कुस्ती. यातल्या खालच्या कुस्त्या आधी ठरलेल्या नसतातच. त्या तिथे, मैदानातच, हलगीच्या ठेक्यावर ठरतात. एक पोरगा अंगातला शर्ट काढून आखाड्यात फेरी मारतो. पंच त्याच्या जोडीचा दुसरा शोधतात. दोघांना शेजारी शेजारी उभं करतात. उंची बघतात, मान बघतात, खांदे आणि मांड्या बघतात. एखादा वस्ताद पुढे येऊन म्हणतो, "ही जोड नाही व्हायची. त्याचं वय बघा." गर्दीतूनही आवाज येतो, "मोठंय ते, दुसरं बघा!" मग दुसरा उभा करतात. दोघांनी हात मिळवला की जोड पक्की.

या सगळ्यात वजनकाटा कुठेच नाही. पण भाषेत मात्र काटा आहे. बरोबरीची जोड असेल तर आपण तिला काटाजोड म्हणतो आणि अटीतटीची झाली तर काटा कुस्ती. तराजूचा काटा मधोमध उभा राहावा तशी. म्हणजे तराजू नसताना लोकांच्या डोळ्यांनी तराजूचं काम करायचं.

लहानपणी आमच्या जत्रेत माझ्या चुलतभावाची जोड अशीच लागता लागता मोडली होती. समोरचा पोरगा चांगला वीतभर उंच. भाऊ तयार होता, इनामाचे पन्नास रुपये डोळ्यांपुढे नाचत होते. पण त्याच्या वस्तादांनी सरळ त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढलं. भाऊ रडला, पण कोणी त्याला भित्रा म्हटलं नाही. जोड नाकारणं हा खेळाचाच भाग आहे, त्यात कमीपणा नाही, हे सगळ्या मैदानाला माहीत होतं.

आता ही पद्धत आणि कॅचवेट शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे वजन नियमाने नाही, बोलणी करून ठरतं. पण एक मोठा फरक आहे. जोड जमत नसेल तर गाव समोरचा माणूस बदलतं. कॅचवेटमध्ये माणूस तोच ठेवून त्याचं शरीर बदलायला सांगतात.

आणि शरीर बदलायची किंमत दोघांना सारखी पडत नाही. इथे थोडं गणित करू (इंजिनिअरला तेवढंच येतं). कोटोला सोडावे लागले ते १४७ पैकी २ पौंड, म्हणजे १.४ टक्का. लालोंडचे १७५ पैकी ७, म्हणजे ४ टक्के. ऐकायला क्षुल्लक. पण हे लोक आपल्या गटाच्या मर्यादेला येतानाच घाम गाळून, पाणी तोडून येतात. फळ आधीच पिळून झालेलं असतं, आणि त्यातून आणखी चार थेंब मागायचे. पहिला किलो चरबीतून जातो, शेवटचा किलो पाण्यातून आणि ताकदीतून. आपल्याकडे हे आता वेगळं समजवावं लागत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरली, म्हणून बाद झाली. रात्रभर जागून, पळून, घाम काढूनही ते १०० ग्रॅम हटले नाहीत.

म्हणजे कराराच्या कागदावर 'दोन्ही बाजूंना मान्य' असं लिहिलेलं असतं, पण जो मुळातच त्या वजनाच्या जवळपास आहे त्याला काहीच करावं लागत नाही. दुसरा उपाशी राहतो. अट दोघांना सारखी, पण झळ एकालाच. आपण सही करतो त्या ऑफर लेटरमध्ये नोटिस पिरियडचं कलम 'दोन्ही पक्षांना समान' असतं ना, अगदी तसंच. कंपनीला तीन महिन्यांनी काय फरक पडतो आणि आपल्याला काय पडतो, ते तुम्हाला सांगायला नको.

*

आता एवढ्यावरून मी 'गावाकडचं सगळं छान, बाहेरचं सगळं वाईट' असा निष्कर्ष काढणार असं वाटत असेल, तर जरा थांबा. कारण आमच्या मातीतही एक जुनी गोची आहे.

ज्या मल्लांची नावं आम्ही लहानपणापासून ऐकली ते सगळे धिप्पाड. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर, १९६० चे हिंदकेसरी. कवठेपिरानचे मारुती माने, १९६४ चे हिंदकेसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही सुवर्णपदक आणलं. आंदळकरांनी ९७ किलोंच्या वरच्या गटात, मानेंनी ९७ किलोंच्या गटात. मोठी माणसं, प्रश्नच नाही. पण कुस्तीचा मान, इनाम, वर्तमानपत्रातला फोटो हे सगळं वरच्या वजनालाच जायचं. आजही तसंच आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरी सुरू केली. या स्पर्धेत बाकीचे वजनी गट असतात, पण मानाची गदा मिळते ती फक्त केसरी गटाला. अलीकडच्या वर्षांत हा गट ८६ ते १२५ किलोंचा असतो.

पुन्हा गणित करू. ८६ किलोंच्या मल्लासमोर १२५ किलोंचा येऊ शकतो. फरक ३९ किलो, म्हणजे ४५ टक्के! तिकडे १.४ टक्क्यावरून आरडाओरडा चाललाय आणि आपण ४५ टक्क्यांच्या फरकावर गदा देतो. मूळ अर्थाचं कॅचवेट म्हणतात ते हेच. जो जसा असेल तसा उतरा.

मग हा अन्याय नाही का? मला वाटतं आहे, पण वेगळ्या जातीचा. केसरी गटाची अट कुणा एका मल्लाने दुसऱ्यावर लादलेली नसते. ती सगळ्यांना वर्षभर आधी माहीत असते आणि कुणालाही आपलं शरीर सुकवायला लावत नाही. हलका मल्ल त्यात उतरला तर डोळे उघडे ठेवून उतरतो. आणि कधी कधी जिंकतोही. नरसिंग यादव ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांमध्ये ७४ किलो गटाचा मल्ल म्हणून ओळखला गेला. त्याने २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी मारली.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, ती म्हणजे वेळ. जुन्या मातीतल्या निकाली कुस्तीला घड्याळ नव्हतं. अर्धा तास, तास, चितपट होईपर्यंत. अशा कुस्तीत जड मल्लाचं वजन सुरुवातीला त्याच्या बाजूने असतं, पण नंतर तेच वजन त्याला स्वतःला वागवावं लागतं. दम लागला की तो खाली येतो आणि हलक्याचा डाव लागतो. आता मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, एकूण सहा मिनिटं. प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर ढकललं तरी एक गुण. २०२२ साली साताऱ्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीत कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला ५-४ असं हरवलं. एका गुणाचा फरक! जिथे निकाल एकेका गुणावर लागतो तिथे नुसतं अंगाने रेटणंही किमती ठरतं. म्हणजे जुन्या खेळात हलक्याला जी वाट होती ती नव्या नियमांनी अरुंद केली, पण वजनाची मुभा मात्र जुनीच ठेवली. अर्धा कोड नवा, अर्धा जुना. बग इथेच येतात.

*

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो माणूस.

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळचं गोळेश्वर, जिल्हा सातारा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हा मातीतला पोरगा मॅटवर उतरला आणि ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं ठरलं तेव्हा पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. या वेळी खाशाबा एक गट वर, ५७ किलोंच्या बँटमवेटमध्ये खेळले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे गोळेश्वरच्या त्यांच्या घराला नाव मिळालं 'ऑलिंपिक निवास'.

जरा कल्पना करा. ५७ किलोंचा माणूस. आमच्या मैदानात त्याला पहिल्या नंबरची कुस्ती कधी मिळाली असती? पोस्टरवर त्याचा फोटो कुठे आला असता? केसरी गटाची खालची मर्यादाच त्याच्यापेक्षा २९ किलो वर. खाशाबा जगाला दिसले ते वजनकाट्यामुळे. काट्याने सांगितलं, की ५७ किलोंच्या माणसाने १०० किलोंच्या माणसाशी झुंजून आपली लायकी सिद्ध करायची गरज नाही. जगातल्या ५७ किलोंच्या माणसांमध्ये तू कुठे आहेस तेवढं दाखव.

म्हणून मी वजनी गटांना इतकं मानतो. मल्लाला अशक्त वाटू नये म्हणून ते नाहीत. त्यांच्यामुळे लहान माणसाचं कसब दिसतं. आणि हे फक्त १९५२ पुरतं खरं नाही. बीडच्या राहुल आवारेने २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण मिळवलं आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. महाराष्ट्र केसरीची गदा त्याच्या खांद्यावर कधीच आली नाही, येणं शक्यही नव्हतं. पॅरिसमध्ये २०२४ साली अमन सेहरावतने कांस्य मिळवलं तेही ५७ किलोंमध्येच, उपांत्य फेरीनंतरच्या रात्रीत साडेचार किलोंहून जास्त वजन उतरवून. खाशाबांचाच आकडा, ७२ वर्षांनी.

पण खाशाबांच्या गोष्टीत आणखी एक धडा आहे, आणि तो थेट कॅचवेटच्या वादाला लागू पडतो. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीईशी त्यांची कुस्ती पंधरा मिनिटांवर चालली. (इशीईने पुढे सुवर्ण जिंकलं.) ती हरल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं केलं, असं सांगितलं जातं. नियमाने दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती हवी होती. पण तिथे त्यांच्या बाजूने बोलायला एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले.

वजन दोघांचं सारखं होतं. काटा चोख होता. नियमही लिहिलेला होता. तरी अन्याय झाला, कारण टेबलाच्या एका बाजूची खुर्ची रिकामी होती. माझ्या चुलतभावाच्या मागे त्याचे वस्ताद उभे होते. खाशाबांच्या मागे त्या दिवशी कोणीच नव्हतं.

तर मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं, की कॅचवेटमध्ये फायदा असतो, पण तो पौंडांत कमी आणि बोलणी करायच्या ताकदीत जास्त असतो. लेनर्ड आणि पॅकियाओ या दोघांचं नाव इतकं मोठं होतं, की समोरचा 'नाही' म्हणूच शकत नव्हता. नाही म्हटलं तर आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई हातची जाणार. जिथे नकार परवडत नाही तिथला होकार फार मनावर घेऊ नये. म्हणून एखादी कॅचवेट लढत न्याय्य आहे की नाही हे ठरवायला मी दोनच प्रश्न विचारीन. ठरलेल्या वजनासाठी एकाच्याच शरीराला किंमत मोजावी लागते का? आणि ज्याला मोजावी लागते त्याला, इज्जत आणि पोट सांभाळून, नाही म्हणता आलं असतं का? त्यात विजेत्याचा किताब पणाला लागला असेल तर मी आणखी कडक होईन. किताब १४७ चा असेल तर लढतही १४७ वर व्हावी. दोघांनाही हवी असलेली हौसेची लढत असेल तर खुशाल मधलं वजन पकडा.

याची एक चांगली बाजू म्हणजे बॉक्सिंगमध्ये आता हे सगळं निदान उघडपणे लिहिलं तरी जातं. २०२५ मध्ये ख्रिस युबँक ज्युनिअर आणि कॉनर बेन यांच्या लढतीत वजन १६० पौंड तर होतंच, शिवाय वजन झाल्यावर दुसऱ्या दिवशी किती वाढवायचं त्यावरही बंधन होतं. युबँक ०.०५ पौंडाने, म्हणजे पेलाभर चहाच्याही कितीतरी कमी वजनाने चुकला आणि त्याला पावणेचार लाख ब्रिटिश पौंड मोजावे लागले. जिंकला तो, ही गोष्ट वेगळी.

आणि आपल्याकडे? जत्रेतल्या खालच्या जोडी आजही सगळ्यांसमोर लागतात, पण पहिल्या नंबरची कुस्ती महिनाभर आधी फ्लेक्सवर झळकते. ती कुणी कशी ठरवली ते प्रेक्षकाला कळत नाही. नाव मोठं झालं की सोपी जोड मागून घेता येते, मग मातीवर असो की रिंगणात. अशा वेळी कुस्ती बरोबरीत सुटली की लोक हुर्यो करतात, कारण काटा कुठे झुकलाय हे त्यांना दिसलेलं असतं. दुसरीकडे चांगलंही घडतंय. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. गदेचा नियम बदलता येतो, हे त्यातून सिद्धच झालं. मग ५७ किलोंच्या गटविजेत्यालाही कधीतरी तशीच गदा आणि तशीच गर्दी मिळावी, एवढी अपेक्षा फार नाही. ज्या जिल्ह्याने देशाला पहिलं वैयक्तिक पदक दिलं ते काही १२५ किलोंच्या माणसाच्या गळ्यात पडलं नव्हतं.

असो. चहा कधीच गार झालाय. कधी जत्रेच्या दिवसांत कराड-विट्याकडे जाणं झालं, तर पहिल्या नंबरच्या कुस्तीची वाट बघू नका. दुपारी लवकर जा आणि पोरांच्या जोडी लागताना बघा. दोन पोरं शेजारी शेजारी उभी, पंच मागेपुढे होऊन बघतायत आणि गर्दीतून कोणीतरी ओरडतंय, "न्हाई जमत, दुसरं बघा!"